सहा कुलपांचा लोडर

सकाळी आठ वाजता लोडरने दगडांनी भरलेलं बकेट अर्ध्यापर्यंत उचललं, जरा विचार केल्यासारखं केलं आणि सावकाश परत खाली ठेवून दिलं. त्याबरोबर मिस्त्रींच्या रजेवर पाणी फिरलं.

रजा चार दिवसांची होती. अर्ज दीड महिन्यापूर्वी दिलेला, दोनदा ऑफिसात हरवलेला आणि तिसऱ्यांदा ‘यंत्रांची स्थिती पाहून’ असा शेरा मारून मंजूर झालेला. संध्याकाळी पाचची बस होती. बायकोला समुद्र दाखवायचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी कबूल केलेला हा समुद्र मिस्त्री गेली अकरा वर्षं पुढे ढकलत आले होते. एकदा डंपरचा गिअरबॉक्स आडवा आला, एकदा रोलरचं इंजिन, आणि एकदा तर बायको चपला घालून दारात उभी असताना कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला. या खेपेला बायकोने भांडण न करता, शांतपणे सांगून टाकलं होतं, “मी पाच वाजता बसमध्ये बसणार. तुम्ही आलात तर दोघं जाऊ, नाही आलात तर मी एकटी जाईन.” ती भांडली नाही, याचाच मिस्त्रींनी धसका घेतला होता.

खडीच्या त्या क्रशरवर लोडर एकच. त्याने दगड टाकले तर क्रशर चालणार, क्रशर चालला तर खडी निघणार, आणि खडी निघाली तर साहेबांचा चेहरा माणसासारखा राहणार. साहेब म्हणजे साईटचे प्रमुख. ते खिडकीतून हे सगळं पाहत होते. मिस्त्री जवळ येताच त्यांनी निकाल दिला.

“लोडर चालू करा आणि खुशाल जा. नाही झाला, तर समुद्र काय कुठे पळून जातोय का?”

“अर्ध्या तासाचं काम आहे साहेब,” मिस्त्री म्हणाले.

ते खरंही होतं. बकेट उचलणाऱ्या तेलाच्या नळीच्या, म्हणजे होजच्या, जोडातून तेल गळत होतं आणि जोडातली रबराची रिंग गेली होती, हे मिस्त्रींनी वीस पावलांवरून ओळखलं होतं. बांगडीहून लहान रिंग. जुनी काढायची, नवी घालायची, जोड आवळायचा. दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये हे काम चहा निवायच्या आत झालं असतं. पण इथे धोरण होतं.

आणि त्या धोरणाला कारण खुद्द मिस्त्रीच होते. तीन महिन्यांपूर्वी ते याच लोडरखाली आडवे होऊन ग्रीस भरत असताना त्यांच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, वर बसून चावी फिरवली होती. मेव्हणा लोडरचा ऑपरेटर. “मला वाटलं भावजी चहाला गेले,” असं त्याचं म्हणणं पडलं. मिस्त्री डोकं आपटून बाहेर आले, मेव्हण्याला त्याच्या खानदानासकट जे बोलायचं ते बोलले (ते खानदान आपल्या बायकोचंही आहे, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं) आणि तसेच ऑफिसात जाऊन उभे राहिले.

“साहेब, बॅटरीच्या मेन स्विचला लावायला मला एक कुलूप द्या. किल्ली माझ्या खिशात राहील. मी खाली असताना कोणी वरून माझा निकाल लावायला नको.”

मागणी अगदी रास्त होती. एखाद्या साध्या माणसाने कुलूप दिलं असतं. साहेबांनी चौदा पानं दिली. मिस्त्रींना हवं होतं ते पहिल्या पानावरच संपत होतं. उरलेली तेरा साहेबांच्या प्रतिभेची होती. यंत्राभोवती पिवळी रेषा मारावी. रेषेच्या आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने स्विचच्या कडीला स्वतःचं कुलूप लावावं आणि रजिस्टरात सही करावी. ज्याचं कुलूप त्यानेच, स्वतःच्या हाताने उघडावं. डुप्लिकेट किल्ल्या साहेबांनी सगळ्यांदेखत हातोड्याने चेचून घेतल्या आणि चेचतानाचा फोटो मुख्य ऑफिसला पाठवला. कुलूप तोडायची वेळ आलीच, तर ‘कुलूप-विच्छेदन अर्ज’ भरून त्यावर कुलूपधारकाची सही घ्यावी. कुलूपधारक सही करायला हजर असेल तर कुलूप तोडायचं कशाला, हा प्रश्न धोरणाच्या कक्षेबाहेरचा होता.

ती कडी सहा भोकांची होती. एका यंत्रापाशी एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं काम करत नाहीत, असा कडी बनवणाऱ्याचा अंदाज. त्याने हे वर्कशॉप पाहिलं नव्हतं.

सव्वाआठला मिस्त्रींनी पहिलं कुलूप लावलं. होज सोडवण्याआधी आतल्या तेलाचा दाब मोकळा करावा लागतो आणि त्यासाठी केबिनमधला लिव्हर हलवावा लागतो, म्हणून मेव्हणा वर चढला. त्याचं दुसरं. स्विच बंद आहे हे वायरमनने तपासून सांगायचं असा नियम होता. वायरमन साडेनऊला उगवला, मीटर लावून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, “बंद आहे.”

“बंद आहे म्हणूनच त्याला कुलूप आहे ना,” मिस्त्री म्हणाले.

“ते तुम्ही म्हणता. मी म्हटल्याशिवाय ते बंद धरत नाहीत.” एवढं बोलून त्याने तिसरं कुलूप लावलं, सही केली आणि निघून गेला.

रिंग आणायला मिस्त्री स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपर हे गृहस्थ रॅकवरच्या वस्तू वापरण्यासाठी असतात या मताचे नव्हते. जुनी द्या, नवी घ्या, हा त्यांचा कायदा.

“जुनी अजून मशीनमध्येच आहे,” मिस्त्री म्हणाले. “नवी द्या, काढली की आणून देतो.”

“असं म्हणून मागे एक बेअरिंग गेलं. अजून परत आलं नाही. मीच येतो.”

ते मुठीत रिंग घट्ट धरून आले, पिवळी रेषा ओलांडून मिस्त्रींच्या डोक्याशी उभे राहिले आणि चौथं कुलूप लावलं. तेवढ्यात त्यांना स्टोअरचं दार उघडं राहिल्याची आठवण झाली. नवी रिंग मिस्त्रींच्या हातात कोंबून आणि “जुनी सांभाळा” असं बजावून ते पळाले.

अकराच्या सुमाराला साहेब फोन घेऊन फोटोसाठी आले. दुपारी त्यांची मुख्य ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग होती आणि तिचा विषय त्यांचंच धोरण होतं. कडीला लटकलेली चार कुलपं पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी आपलं पाचवं लावलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. सहावं भोक रिकामं होतं.

“मिस्त्री, अजून कोणी हवंय का कामाला?”

“नको साहेब. आहेत तेच नकोत.”

त्याच वेळी मिस्त्रींची बायको फाटकातून आत आली. दहा वेळा फोन करूनही नवरा उचलत नव्हता, कारण फोन पान्यांच्या पेटीत होता आणि नवरा लोडरखाली. तिला बाहेर आलेले फक्त दोन बूट दिसले. तेवढ्यावरून तिने नवरा ओळखला.

“अहो, किती वाजले?”

“झालंच. दहा मिनिटं,” बूट म्हणाले.

“ही दहा मिनिटं मी अकरा वर्षं ऐकतेय.” ती पुढे आली आणि तिचं पाऊल पिवळ्या रेषेवर पडलं.

“ताई, थांबा,” साहेब ओरडले, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “नाही, थांबू नका. या ना, आत या. पाहुण्यांसाठी आपल्याकडे निळं कुलूप आहे.”

“मला कुलूप नकोय. मला नवरा न्यायचाय.”

“आधी कुलूप, मग नवरा. क्रम तसा आहे.”

साहेबांनी स्वतः तिच्या हातात निळं कुलूप दिलं, ते सहाव्या भोकात कसं अडकवायचं ते दाखवलं, रजिस्टर पुढे धरून सही घेतली आणि किल्ली अदबीने तिच्या हातावर ठेवली. मग चार वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. एका फोटोत तिला कडीकडे बोट दाखवून उभं केलं.

“बघा ताई, आता तुम्ही स्वतः येऊन कुलूप काढल्याशिवाय या मशीनला कोणी हात लावू शकत नाही. मीसुद्धा नाही. मुख्य ऑफिस आलं तरी नाही.”

“छान आहे,” बायको म्हणाली. “नवऱ्याला लावायला मिळेल का असं एक?”

मेव्हणा केबिनमध्ये खुसखुसला. बहिणीने नुसतं वर पाहिलं, तसा गप्प झाला. तिने किल्ली पर्समध्ये टाकली, त्या दोन बुटांना उद्देशून “पाच वाजता” एवढंच म्हटलं आणि ती निघून गेली.

पावणेबाराला काम संपलं. मिस्त्रींनी जोड आवळला, बोट फिरवून पाहिलं, तेलाचा टिपूस नव्हता. पाच तास हातात होते. बस स्टँड जीपने वीस मिनिटांवर. मिस्त्री चक्क शीळ घालत उठले, आपलं कुलूप काढलं आणि पान्यांची पेटी उचलायला वाकले.

“मिस्त्री,” साहेबांचा खिडकीतून आवाज आला, “कुलूप काढलंत ना? मग रेषेच्या आत कसे?”

मिस्त्रींनी परत कुलूप लावलं, सही केली, पेटी बाहेर नेऊन ठेवली, परत आत आले, कुलूप काढलं, सही केली आणि उडी मारून रेषेबाहेर गेले. मेव्हण्याचं कुलूप त्या मानाने लवकर निघालं. किल्ली त्याने केबिनमधल्या सीटखाली ठेवली होती आणि कुठल्या कोपऱ्यात ते शोधायला त्याला फक्त अर्धा तास लागला.

स्टोअरकीपर मात्र जुनी रिंग बघितल्याशिवाय किल्लीला हात लावेनात.

“अहो, ती मी सवयीने ड्रममध्ये टाकली,” मिस्त्री म्हणाले.

“मग सवयीने काढा.”

जळक्या तेलाचा तो ड्रम छातीएवढा उंच होता. मिस्त्री आणि मेव्हणा दोघेही खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपत राहिले. ड्रममध्ये गेल्या कित्येक महिन्यांच्या रिंगा होत्या. पहिली मोठी निघाली, दुसरी बारीक. तिसरी स्टोअरकीपरांनी मापाला लावून पाहिली, कागदात गुंडाळली आणि म्हणाले, “हीच. आता जेवून येतो.”

“आधी कुलूप काढा ना.”

“जेवणाच्या सुट्टीत काम करायचं नाही, असं धोरणात आहे. पान नऊ.”

ते दोन वाजता आले आणि त्यांनी कुलूप काढलं. मग कळलं की वायरमनची आज अर्ध्या दिवसाची पाळी होती आणि तो घरी जाऊन झोपला आहे. मेव्हण्याने मोटारसायकलला किक मारली. पाऊण तासाने वायरमन मागच्या सीटवर बसून आला, तो झोपेतल्या कपड्यांत आणि चपलांवर. साहेबांनी मीटिंगला बसता बसता खिडकीतून बोट दाखवलं. बूट आणि हेल्मेट नसेल तर रेषेच्या आत प्रवेश नाही. मोटारसायकल परत गेली. वायरमन परत आला तेव्हा पायात बूट होते, डोक्यावर हेल्मेट होतं, मधे झोपेतलेच कपडे होते. त्याबद्दल धोरण काही म्हणत नव्हतं, म्हणून त्याला कुलूप काढता आलं.

तोवर साडेतीन वाजले होते. मिस्त्री ऑफिसच्या दाराशी उभे राहिले. आत साहेब पडद्याला सांगत होते, “हा एक साधा फोटो नाही, ही एक संस्कृती आहे.” पडद्यावर सहा कुलपं होती. मिस्त्रींनी घड्याळाकडे बोट केलं, साहेबांनी हात करून थांबवलं. मिस्त्रींनी खोकून पाहिलं. साहेबांनी आवाज वाढवला. पंचवीस मिनिटं मिस्त्री दारात उभे राहून आपण मागितलेल्या एका कुलपाची थोरवी ऐकत होते, आणि आपण त्या दिवशी डोकं आपटल्यावर गप्प का बसलो नाही, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.

चारला साहेब बाहेर आले ते तरंगतच. “मिस्त्री, उद्या मुख्य ऑफिसचे मोठे साहेब स्वतः येतायत. आपलं धोरण पाहायला. सगळीकडे लागू करणार म्हणतात.” त्यांनी थाटात पाचवं कुलूप काढलं आणि मेव्हण्याला खूण केली. “चल, मार स्टार्टर.”

मेव्हणा जागचा हलला नाही. “साहेब, अजून एक आहे.”

सगळ्यांनी कडीकडे पाहिलं. सहाव्या भोकात निळं कुलूप होतं. साहेबांनी रजिस्टर उघडलं, सही वाचली, मिस्त्रींकडे पाहिलं, परत सही वाचली.

“ताई कुठे आहेत?”

“बस स्टँडवर.”

साहेबांनी फोन लावला. बायको ऑफिसचा नंबर कधीच उचलत नसे. त्या नंबरावरून अकरा वर्षांत एकही चांगली बातमी आली नव्हती. मग मिस्त्रींनी लावला. तोही तिने उचलला नाही. ‘दहा मिनिटं’ पुन्हा एकदा ऐकायची तिची तयारी नसावी.

“कटर आणू का?” मेव्हण्याने विचारलं.

“आणि उद्या मोठ्या साहेबांना काय दाखवू? तुटलेलं कुलूप?” साहेबांना घाम फुटला होता. “अर्जावर त्यांची सही लागेल, त्याला तरी त्याच लागणार. मिस्त्री, ड्रायव्हरला घेऊन जीपने जा. ताईंना घेऊन या. हात जोडा, पाया पडा, काय वाटेल ते करा.”

“साहेब, पाचची बस आहे. परत यायचं म्हणजे बस गेली.”

“दुसरी मिळेल. पुढच्या वर्षी जा.”

मिस्त्री जीपमध्ये जाऊन बसले. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांनी स्वतः इतक्या वेळा घरी म्हटलं होतं, की साहेबांच्या तोंडून ते ऐकताना पहिल्यांदाच त्यांना ते किती वाईट वाक्य आहे हे कळलं.

स्टँडवर पोचले तेव्हा पाचला पंधरा मिनिटं कमी होती. बस लागली होती आणि बायको खिडकीशी बसली होती. जळक्या तेलाने खांद्यापर्यंत काळा झालेला नवरा खिडकीखाली येऊन उभा राहिला, तेव्हा तिने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग मोकळ्या दुसऱ्या हाताकडे. बॅग नव्हती.

“काय झालं?”

“तुझं कुलूप राहिलंय. लोडर बंद आहे.”

“अगं बाई, खरंच की.” तिने पर्समधून किल्ली काढली आणि खिडकीतून पुढे केली. “घ्या. माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. जा तुम्ही.”

कपाळाला आठी नाही, आवाज चढवलेला नाही. जा तुम्ही, हे ती नुसत्या सवयीने म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर ते किल्ली घेऊन पळालेही असते. साधा हिशेब होता. ती समुद्रावर जाईल, आपण लोडरवर, आणि चार दिवसांनी ती परत आल्यावर समुद्र कसा होता ते आपण तिला विचारू.

खिशातला फोन वाजला.

“भेटल्या का ताई?” साहेब.

“भेटल्या. बसमध्ये बसल्यात. यायला जमणार नाही म्हणतात.” असं बायको काहीच म्हणाली नव्हती. ती किल्ली पुढे धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

“मग किल्ली घ्या आणि तुम्ही या. लवकर.”

“किल्ली?” मिस्त्रींनी समोर धरलेल्या किल्लीकडे पाहिलं. “साहेब, दुसऱ्याचं कुलूप मी कसं उघडू? ज्याचं त्यानेच उघडायचं. स्वतःच्या हाताने. उद्या मोठे साहेब रजिस्टर बघतील. सही तिची आणि उघडलं मी?”

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मागे मेव्हणा कोणाला तरी काहीतरी सांगत होता.

“परत कधी येणार त्या?” साहेबांनी विचारलं.

“चार दिवसांनी.”

“आणि तुम्ही?”

“मशीन सुरू होणार नाही म्हटल्यावर मी तिथे राहून काय करू? मी कुलूपधारकाबरोबरच राहतो. तिला सुखरूप परत आणायची जबाबदारी कोणाची तरी हवी ना.”

साहेबांनी घसा खाकरला. ते हळूहळू विचार करत होते आणि जसजसा विचार होत होता तसतसा आवाज सुधारत होता.

“तसं बघितलं तर, मिस्त्री, उद्या दाखवायला एक बंद कुलूप असलेलं बरंच. म्हणजे प्रत्यक्ष दिसतं. कोणीही तोडलं नाही, प्रमुखानेसुद्धा नाही. मोठ्या साहेबांवर छाप पडेल.”

“क्रशर बंद राहील तेवढा.”

“क्रशरचं मी बघतो. चार दिवसांत एकही अपघात होणार नाही, हेही लिहिता येईल.”

मिस्त्रींनी फोन बंद केला, ड्रायव्हरला जीप घेऊन परत पाठवलं, स्टँडच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, त्याने फारसा फरक पडला नाही, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढून बायकोशेजारी बसले. तिने थोडं सरकून जागा केली. बस सुटेपर्यंत ती, उतरतील, अजूनही उतरतील, अशा नजरेने दाराकडे बघत होती. बस रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं,

“लोडर दुरुस्त झाला नाही का?”

“सकाळीच झाला.”

“मग?”

“आता नुसता सुरक्षित आहे,” मिस्त्री म्हणाले, आणि तिच्या हातातली किल्ली परत तिच्याच पर्समध्ये टाकून त्यांनी पर्सची चेन नीट ओढून घेतली.